ड्रिंकचं तिसरं रूप

३ नोव्हेंबर, सोमवार

हे बोलले! आणि बोलले ते इंग्रजीत!

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, ह्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. तेव्हापासून नुसतं ‘हं’. भूक लागली तरी हं, जेवण नको असलं तरी हं. आज सकाळी गोरक्षनाथ आला — ह्यांचा जुना विद्यार्थी, आता टेम्पो चालवतो. ऊसतोडीची माणसं कारखान्यावर सोडायला निघालेला, जाता जाता सरांच्या पाया पडायला थांबला. मी चहा ठेवला. तो ह्यांच्या पायाशी बसून आपला बडबडत होता, “सर, त्या ड्रिंकपायी लई हानलं तुमी मला. आठवतंय का? ड्रिंक...”

आणि हे म्हणाले, “ड्रँक. ड्रंक.”

स्वच्छ! वर्गात म्हणायचे तसं. माझ्या हातून सांडशी पडली. गोरक्ष्या तर रडायलाच लागला — एवढा मिशाळ गडी! “काकू, आजून इचारू का?” त्यानं गो विचारलं, टेक विचारलं. सगळं बरोबर. मग मी जवळ जाऊन विचारलं, “चहा देऊ का?”

“हं.”

४ नोव्हेंबर

आज मीच विचारून पाहिलं. ‘डिरिंक’ म्हणाले मी. ह्यांनी तोंड फिरवलं. चुकीचं इंग्रजी कानावर पडलं की फिरवायचे तसंच!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नगरला जाऊन आलो. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर झालंय, पण कंडक्टरच्या आणि माझ्या तोंडात अजून नगरच. आमचा मुलगा कल्याण पुण्याहून परस्पर दवाखान्यात आला. बोलायला शिकवणारी निकिता मॅडम म्हणजे पोरगीच आहे, पण समजावून सांगते. म्हणाली, “आजी, पाठ केलेलं डोक्यात वेगळं राहतं. पाढे, आरत्या, ही क्रियापदं. तिथूनच सुरुवात करू. तुम्ही पहिलं रूप म्हणायचं, पुढची आजोबांना म्हणू द्यायची.”

मग तिनं फोटो दाखवले. कल्याणचा दाखवल्यावर ह्यांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मग माझा. “आजोबा, ह्या कोण? नाव सांगा बरं.”

हे खिडकीकडे बघत बसले. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा खिडकी.

बाहेर आल्यावर कल्याण हळूच म्हणाला, “आई, बाबा तुला ओळखत नाहीयेत बहुतेक. असंच राहिलं तर पुण्यात एक केंद्र आहे, तिथं ठेवू त्यांना. तू एकटी किती करणार?”

पोराला कसं सांगू, की बाबा रे, तुझ्या बापानं माझं नाव जन्मात घेतलेलं नाही! लग्नात बायकांनी उंबरा अडवला, नाव घ्या म्हणाल्या, तर हे मागल्या दारानं घरात गेले. पुढं ‘अगं ए’. कल्याण झाल्यावर ‘कल्याणची आई’. आणि एरवी नुसतं खाकरणं. दारात खाकरले की मी पाण्याचा तांब्या घेऊन हजर.

पण खरं लिहू? येताना बसमध्ये मलाही भीती वाटली. आता खाकरतही नाहीत. ह्यांच्या लेखी मी कोण आहे? जेवू घालणारी कुणी एक बाई?

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारची भारती अंगणवाडीत आहे. तिचंही इंग्रजी ह्यांच्याच हातचं. तिला म्हटलं, मला ड्रिंक शिकव. तिनं माझी जीभ सरळ करायला अर्धी दुपार घालवली. “काकू, काल प्याले, ड्रँक. आणि हॅव लावलं की ड्रंक. त्ये एकटं वापरायचं न्हाई.”

मग तिला एक विचारलं, जे इतकी वर्षं मनात होतं. ह्या शब्दाला पोरं हसायची का?

काय सकाळी होत्या त्या ह्यांच्या शिकवणीच्या! थंडीत ओट्यावर पोती अंथरलेली, वस्तीवरची पोरं कानाला फडकी बांधून यायची, कुणाच्या दप्तरात भाकरी, कुणाच्या नुसती चटणी. शिकवणीची फी नव्हतीच. आधी हजेरी, मग क्रियापदं. मी आत चुलीपाशी बाजरीच्या भाकरी थापायची आणि थापायचा ठेका आपोआप त्या चालीवर पडायचा. अर्थ एकाचाही कळत नव्हता. पण ड्रिंकच्या तिसऱ्या रूपाला सगळा ओटा खिदळायचा आणि मागोमाग छडीचा आवाज.

भारती हसून हसून वाकली. “अवो काकू, ड्रंक म्हंजी पेलेला! गोरक्ष्या मागं उभा राहून झुलायचा, म्हनून हसायचो आमी.”

घ्या! एवढीशी गंमत कळायला मी म्हातारी झाले. तेव्हा एकदा ह्यांना म्हटलं होतं, मलाही शिकवा की. तर म्हणाले, “तुला कशाला?” राग आला होता. आणि त्याहून जास्त राग हजेरीचा यायचा. मुलींची नावंसुद्धा पूर्ण घ्यायचे, कशी मान देऊन! गावातल्या सगळ्यांच्या लेकी ह्यांच्या तोंडात, तेवढी बायको सोडून.

१२ नोव्हेंबर

शेळीला पाणी दाखवलं. द गोट ड्रँक वॉटर. शेळीनं वरसुद्धा बघितलं नाही. पण म्हटलं ते बरोबर!

१६ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर मी ह्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसत होते. कधी उत्तर द्यायचे, कधी नाही. आज सुचलं — विद्यार्थी खुर्चीत कधी बसले? माळ्यावरचं पोतं काढलं, झटकलं, ओट्यावर अंथरलं आणि पदर खोचून खाली मांडी घातली. ह्यांना खुर्चीत बसवलं, डाव्या हातात छडी दिली.

ताठ झाले की हो! पाच महिन्यांत असे बसले नव्हते.

आता मीच घाबरले. तिन्ही रूपं आपणच म्हणून दाखवावी म्हटलं, तर “ड्रिंक, ड्रंक, ड्रँक” असं उलटंपालटं झालं.

छडी जमिनीवर आपटली. “चूक!”

मराठीत! झटक्यानंतरचा पहिला मराठी शब्द, आणि तोही माझ्या वाट्याला चूक! मी पोत्यावरच हसत बसले, हसता हसता रडले. हे छडी रोखून वाट बघतायत, कधी सुधारते म्हणून.

१७ नोव्हेंबर

मुद्दाम चुकले. “चूक!” परत चुकले. “चूक! चूक!” उभ्या संसारात बोलणी खाऊन इतका आनंद कधी झाला नव्हता.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मी पोत्यावर टेकले न टेकले तोच ह्यांनी आपणहून हजेरी सुरू केली. जुन्या पोरांची! “अजिनाथ.” मग “भारती.” भारती सुदैवानं दूध द्यायला आली होती, ती जागच्या जागी ओरडली, “येस सर!” मग “गोरक्षनाथ”. त्याच्या वतीनं मी म्हटलं, गैरहजर. तो तिकडं कारखान्यावर आणि अजिनाथ जामखेडला हॉटेल टाकून बसलाय. ह्यांच्या ओट्यावर मात्र अजून पोरंच आहेत सगळी.

मी वाट बघत होते. तीन नावांवर हजेरी संपली. मग ड्रिंक.

कौतुकानं कल्याणला फोन केला. तो म्हणाला, “जुनं पाठ असेल गं ते. तुला काय म्हणाले? तुला ओळखलं का?”

काय सांगणार! म्हटलं, मला चूक म्हणतात.

“मी पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. पुण्याच्या केंद्रातली जागा धरून ठेवलीय.”

२७ नोव्हेंबर

अजिनाथ, भारती, गोरक्षनाथ. रोज तीनच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बॅग भरली. मफलर, चष्मा, दोन स्वेटर. छडी ठेवावी का? तिथं कोण चुकणार आहे ह्यांच्यापुढं?

मला तिथं रोज येऊ देणार नाहीत, ठरलेल्या वेळी भेटायचं. पोराचं चुकत नाही, माझी दुखरी कंबर त्याला दिसते. पण ह्या माणसानं मला ओळखलं की नाही हे न कळता मी ह्यांना गाडीत कसं बसवू? राग येतो, रडू येतं. मागल्या दारानं गेलात ना त्या दिवशी, तिथंच सगळं चुकलं!

उद्याची शिकवणी होऊ दे, मग ने, असं कल्याणला सांगितलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

बॅग गाडीत ठेवलेली. कल्याण दाराशी उभा, मी पोत्यावर.

अजिनाथ. भारती. गोरक्षनाथ. मग हे थांबले. माझ्याकडे बघितलं. खाकरले.

“मनकर्णा.”

मी आधी कल्याणकडे बघितलं. ह्यांनी भुवया चढवल्या आणि छडी आपटून, गल्लीला ऐकू जाईल असं, “मनकर्णा!”

“येस सर,” मी म्हणाले. आणि कल्याणला सांगितलं, बॅग आत आण.