पियानोच्या वरच्या पट्ट्या

टीचर,

मला वरच्या पट्ट्या ऐकू येईनाशा झाल्या आहेत. हे तुम्हाला सोडून दुसऱ्या कोणाला सांगावं ते कळत नाही, आणि तुम्हाला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली. तुमच्या मागे तुमच्या भाच्याने तुमचा पियानो माझ्याकडे पोचवला. तुमची तशी इच्छा होती म्हणे. तेव्हापासून तो माझ्या पुढच्या खोलीत आहे. मी शाळेत संगीत शिकवते, घरी शिकवण्या घेते, आणि उन्हाळा लागला की तुमच्यासारखंच पियानोच्या पायथ्याशी पाण्याचं भांडं ठेवते, लाकूड वाळून तडकू नये म्हणून.

माझ्याकडे दारव्ह्याहून एक मुलगी येते. घरी कापूस आणि सोयाबीन. वडील शनिवारी तिला एसटीने घेऊन येतात आणि शिकवणी होईपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहतात. परीक्षेची तयारी चालली होती. एका शनिवारी ती मध्येच थांबली आणि म्हणाली, वरचा सूर बिघडून राह्यला. मी म्हटलं, काही बिघडलेलं नाही, तू बोटांकडे बघ. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबली. मग मी जरा कडक आवाजात बोलले. त्यानंतर तिने सबंध तुकडा न थांबता वाजवला, पण त्या दोन-तीन पट्ट्यांपाशी आली की तिचं बोट हवेतच राहायचं, खाली टेकायचं नाही. तो सूर तिला सोसवतच नव्हता. आणि मी शेजारी बसून मान डोलावत होते.

नागपूरहून पियानो सुरात लावणारे आले. त्यांनी सगळ्यात वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबली आणि तोंड वाकडं केलं. हे कधीपासून असं आहे, म्हणून विचारलं. मला त्यांचं बोट खाली गेलेलं दिसलं. ऐकू आली ती फक्त लाकडाची टक. पुढच्या आठवड्यात मी नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मशीन बसवून दिलं. त्याने माणसांचं बोलणं स्पष्ट येतं, पण पियानो स्टीलच्या ताटावर चमचे आपटल्यासारखा वाजतो.

परतीच्या बसमध्ये मला सारखं तुमचं स्वयंपाकघर दिसत होतं. मी अकरा-बारा वर्षांची आहे, लवकर आले म्हणून आत ओट्यापाशी उभी आहे. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय आणि तुम्ही पुढच्या खोलीत दुसऱ्या मुलाला शिकवताय. डाळ करपायचा वास येतो तेव्हा मीच गॅस बंद करते. तुम्ही आत येता, कुकरकडे बघता, मग माझ्याकडे. विचारता, "झाल्या का शिट्ट्या?" मी म्हणते, केव्हाच्याच. तुम्ही माझ्या हातावर रव्याचा एक राघवदास लाडू ठेवता आणि मला बाहेर पाठवता. मला वाटलं होतं, तुमचं लक्ष नव्हतं.

तुम्ही शिकवायचात तसं आता कोणी शिकवत नाही. पहिल्याच दिवशी तुम्ही पियानोची खालची फळी काढली होती, मग वरचं झाकण उघडलं, आणि आम्हाला आत डोकावायला लावलं. दाबलेल्या लोकरीचा नमदा लावलेल्या हातोड्यांची ती रांग मी किती वेळ बघत बसले होते. तुम्ही सांगितलंत की याच्या आधीच्या वाद्यात तारा नुसत्या छेडल्या जायच्या, कितीही दाबा, आवाज तेवढाच. मग इटलीत एकाने तारेवर छोटी हातोडी मारायची युक्ती काढली, आणि हळू की जोरात हे बोटाच्या हाती आलं. नावाचा अर्थच तो, हळू आणि जोरात. हाच पियानो मूर्तिजापूरहून कापसाच्या छोट्या रेल्वेने आला, आणि स्टेशनपासून बैलगाडीने, हेही तुम्हीच सांगितलं. आमच्या कोणाकडेच घरी वाद्य नव्हतं, म्हणून तुम्ही प्रत्येकाला पुठ्ठ्यावर पट्ट्या आखून दिल्या होत्या. मी घरी खाटेवर तो पुठ्ठा ठेवून बोटं चालवायची आणि सूर मनात वाजवायची. आता मी शिक्षकांच्या ऑनलाइन गटांमध्ये आहे. तिथे स्वरलिपीचे कागद मिळतात, पियानोच्या इतिहासाचे तक्ते, व्हिडिओ, बोटांचे खेळ. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी गठ्ठेच्या गठ्ठे छापून आणते. शिक्षकाचे कान गेले तर काय करायचं, हे मात्र तिथे कोणी लिहिलेलं नाही. मी शोधलं, टीचर.

सुरुवातीच्या वर्षांत मी पट्ट्या आपटल्या की तुम्ही म्हणायचात, "एवढं जोरात कोणाला सांगतेस? मी इथंच बसलेय." शेवटच्या वर्षी तुम्ही ते म्हणणं सोडून दिलं होतं. मला वाटलं, माझा हात सुधारला.

आणि मग ती दहावीच्या वर्षातली संध्याकाळ. माझं वाजवून झालं, तुम्ही झाकण खाली केलं आणि कुलूप लावलं. म्हणालात, "उद्यापासून येऊ नकोस. जे मला ऐकू येत नाही, ते मी शिकवणार नाही." मी विचारलं, मग मी कोणाकडे शिकू? तुम्ही उत्तर दिलं नाही. ते ऐकू आलं नव्हतं की उत्तरच नव्हतं, मला आजही माहीत नाही. पुढे मी कॉलेजात गेल्यावर नागपूरला बसने जाऊन शिकले. दर नाताळात तुमच्याकडे यायचे, तुम्ही करंज्या खाऊ घालायचात, पियानोवर चादर असायची, आणि आपण दोघी त्या चादरीकडे न बघता बोलायचो.

दारव्ह्याच्या मुलीच्या वडिलांना मी खरं ते सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मॅडम, तुमालेच ऐकू येत नाही, मंग हिचं चुकलं ते कसं समजन?" मुलगी म्हणाली, "मले ऐकू येते ना, बाबा." ते तिला घेऊन गेले. पुढच्या शनिवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी दोघं दारात उभे. पोरगी दुसरीकडे जायला तयार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि पायरीवर बसले. आता ती वाजवते, मी तिचे मनगट आणि खालचे सूर सांभाळते, आणि वरच्या सुरांचं रेकॉर्डिंग नागपूरच्या एका शिक्षिकेला पाठवते. त्या ऐकून कळवतात. हे पुरेसं आहे का, मला माहीत नाही. एखादा सूर वाया गेला तर तो माझ्यामुळे गेला, हे मात्र रोज मनात येतं.

तुम्ही केलं ते किती ताठ मानेने केलं, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. आता वाटतं, टीचर, तुम्ही थांबायला नको होतं. अर्धं ऐकूनसुद्धा तुम्ही मला पुष्कळ देऊ शकला असतात. तुमच्यासमोर हे बोलायची माझी छाती झाली नसती. हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिलं.

बाकीच्या मुलांच्या घरी मी अजून काही सांगितलेलं नाही. सोमवारी शाळेत सांगायचं ठरवलं होतं. सोमवारी एका मुलाने शाळेच्या कीबोर्डवर अगदी वरच्या टोकापर्यंत जाऊन वाजवलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याला छान म्हणाले.