सहावं कुलूप

प्रिय भुंग्याच्या आई,

आजवर मी तुला ‘तुम्ही’ म्हणत आले. दारात मुलांची दप्तरं देता-घेताना जेवढं बोलायचं तेवढ्याला ‘तुम्ही’ पुरत होतं. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी तू मला ‘अगं, बस की जरा, किती धावशील’ म्हणालीस आणि मी बसले. आता पुन्हा मागे जाणं मला जमणार नाही. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण माझा फोन म्हणजे बिघाडाची तक्रार नोंदवल्यासारखा असतो, असं मास्तर म्हणतो. तू त्याच्याशी सात वर्षं संसार केलास, माझं अजून वर्षही झालेलं नाही. पण अशा बाबतीत तो सहसा चुकत नाही हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली रिकामी खोकी तू पाहिलीस, हे मी पाहिलं. तू काही विचारलं नाहीस. मी सांगणार आहे, पण मला कुठलीही गोष्ट पहिल्या बोल्टपासून सांगावी लागते. तेवढा धीर धर.

सुरुवात धाकटीने, ठिणगीने केली. नाताळचं झाड उभं केल्या दिवसापासून ती दिव्यांचा प्लग लावायची, काढायची, पुन्हा लावायची. समजावून झालं, रागावून झालं. चार वर्षांच्या मुलीपुढे विजेचं शास्त्र टिकत नाही. शेवटी मी कारखान्यातून प्लगवर बसवायची लाल प्लास्टिकची डबी आणली. आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात देखभाल विभागाचा एक नियम आहे. यंत्र दुरुस्तीला उघडलं की जो जो त्यात हात घालणार, तो तो मुख्य स्विचवर आपलं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना. हा नियम धाब्यावर बसवणाऱ्या काहींची बोटं आज जागेवर नाहीत. एवढी कुलपं एकत्र अडकवायला सहा भोकांची लोखंडी कडी असते. तीही मी आणली, डबीला लावली आणि तिच्यात माझं कामाचं कुलूप अडकवलं. मला वाटलं, काम झालं.

भुंग्याने विचारलं, हे काय? मी नियम सांगितला, जसाच्या तसा. सहा वर्षांच्या मुलाला नियम सांगण्याआधी माणसाने जरा विचार करावा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापर्यंत कडीत घरातल्या प्रत्येकाचं कुलूप लटकायला लागलं. मास्तरचं सायकलच्या साखळीचं, ठिणगीचं खेळण्यातल्या पेटीचं, भुंग्याचं आपल्या खाऊच्या डब्याचं. सासूबाईंनी कपाटाचं दिलं आणि वर म्हणाल्या की एवढ्या बंदोबस्तात तर तिजोरी ठेवतात, दिव्यांच्या माळेला कोण पळवतंय! नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे जमले की प्रत्येकाने आपापलं कुलूप काढायचं आणि मगच दिवे, असं ठरलं. भुंग्याने ते आपल्या शिक्षिकेलाही कळवून टाकलं.

त्या संध्याकाळी आत्या आणि तिचे यजमान आले. फिटरकाका आले. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले ते हे; बायको गेल्यापासून सणासुदीला एकट्याने बसवत नाही म्हणतात, म्हणून मी त्यांना बोलावते. मुलांनी शाळेतली दोन गाणी म्हटली. ठिणगीला दुसऱ्या गाण्याचे शब्द येत नव्हते म्हणून तिने पहिलंच पुन्हा म्हटलं, तेही अधिक जोरात. मग कुलपं निघायला लागली. पाच निघाली. सहावं उरलं, आकड्यांचं, लहानसं, निळं. मला वाटत होतं ते आत्याचं. आत्याला वाटत होतं ते फिटरकाकांचं. फिटरकाकांनी हात वर केले. आत्याने पर्समधून आपलं कुलूप काढून दाखवलं. म्हणाली, कडीत जागाच नव्हती, मी आपली गप्प बसले. सासूबाई म्हणाल्या, “तू आणि गप्प?” सगळे हसले. मग भुंग्याने सांगितलं की ते आईचं आहे.

ते त्याच्या शाळेच्या दप्तराचं होतं. तुझ्या नावाने त्याने लावलं होतं.

तू दुसऱ्या दिवशी दुपारी मुलांना न्यायला येणार होतीस, संध्याकाळचं बोलावणं तुला नव्हतंच. आत्या त्याला समजावत होती की आई उद्या येणारच आहे रे राजा. मास्तरने आकडा विचारला. भुंग्याने ओठ मिटून घेतले. तुला त्याचं ते तोंड माहीत आहे. शेवटी माझ्याकडे बोट दाखवत एवढंच बोलला, “ज्याचा हात आत, त्याचं कुलूप. इंजिनच म्हणाली होती. झाडावरचे तारे आईने केलेत.”

ते खरंच होतं. बसच्या जुन्या तिकिटांच्या पट्ट्या दुमडून तू केलेले ते तारे खोक्यातून मीच काढले होते, मीच टांगले होते, ते कुणी केले हे विचारलं नव्हतं. मास्तर पक्कड आणायला उठला. फिटरकाका केकचा तुकडा हातात धरून शांतपणे म्हणाले की कुलूप कापता येतं, तशी सोय नियमात आहे. पण आधी ज्याचं कुलूप त्याला शोधायचं, त्याला विचारायचं, मग पक्कड. एवढं बोलून त्यांनी केक तोंडात घातला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी स्वयंपाकघरात जाऊन तुला फोन केला. झाडाचे दिवे लागत नाहीत, तुमचं कुलूप आहे, असं काहीतरी बोलले. तुझ्या मागे बस डेपोतल्या गाड्यांचा आवाज येत होता. मग तू फक्त ‘माझं?’ म्हणालीस आणि मी हो म्हटलं.

तू आलीस ती गणवेशातच, हात गार पडलेले. सासूबाईंनी तुला जवळ बसवून घेतलं आणि आजी-माजी दोन्ही सुना एका खोलीत, आता मी गाऱ्हाणं करायचं कुणापाशी, असा सवाल टाकला. तू म्हणालीस, माझं हिच्यापाशी करा, हिचं माझ्यापाशी. इतकं सोपं करून टाकलंस तू सगळं. मी मात्र ताटल्या गोळा करत, चमचे मोजत होते, म्हणून तर मला बस म्हणालीस. मग तू कुलपापाशी गुडघ्यावर बसलीस. ठिणगीची जन्मतारीख लावून पाहिलीस, भुंग्याची लावून पाहिलीस. तो तुझ्या मानेशी उभा राहून श्वास घेत होता, पण सांगत नव्हता. मग तू थांबलीस, आणि तुझ्या बसचा नंबर लावलास.

आता एक गोष्ट सांगते, ती मास्तरलाही माहीत नाही. तो आकडा मला कळला होता. मी रोज तुझ्याच मार्गाच्या बसने कामाला जाते, आणि भुंगा चित्रात काढतो त्या प्रत्येक गाडीवर, आगगाडीवर आणि होडीवरसुद्धा, तोच नंबर असतो. फोन करण्याआधी स्वयंपाकघरात उभी असताना ते लक्षात आलं होतं. बाहेर येऊन आकड्यांची चाकं फिरवली असती तर दिवे लागले असते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि तुला काही कळलंही नसतं. मोह झाला नाही असं नाही. पण मग त्या मुलाने माझं कुठलंच वाक्य पुन्हा खरं मानलं नसतं.

कुलूप निघाल्यावर प्लग कुणी लावायचा यावरून दोन्ही मुलं भांडायला लागली. तू त्यांना म्हणालीस, “जिने डबी लावली, तिनेच लावायचा. घर तिचं आहे.” मी लावला. दिवे लागले. सगळे झाडाकडे बघत होते, त्यामुळे माझ्याकडे कुणी बघितलं नाही, हे बरं झालं.

मी या घरात आले तेव्हा ही मुलं माझ्याशी भांडली, रुसली, मला ‘इंजिन’ नाव ठेवलं. पण माझ्याबद्दल त्यांच्या मनात आधीपासून भरवलेलं काही नव्हतं. हे आपोआप होत नाही. कुणीतरी जिभेला आवर घातलेला असतो. ते मला तेव्हाच कळलं होतं आणि तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. तुझ्या पहाटेच्या पाळ्यांमुळे मुलं आठवडाभर आमच्याकडे, सुट्टीला तुझ्याकडे, ही व्यवस्था कागदावर सोपी दिसते. तुझ्या बाजूने ती कशी दिसते याचा मी हिशोब केला नव्हता.

आणि मग निघताना, पॅसेजमध्ये, ती खोकी. तू बूट घालत होतीस. खोक्यांकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता विचारशील, आणि काय उत्तर द्यायचं ते मी जुळवत होते. पण तू नाडी बांधत एवढंच म्हणालीस, “भुंग्याला लांबच्या प्रवासात मळमळतं. खिडकीशी बसव त्याला.” आणि जिना उतरून गेलीस.

तर खोक्यांबद्दल. कंपनीच्या नव्या कारखान्यात, इथून दिवसभराच्या प्रवासावर, मला विभागप्रमुखाची जागा देऊ केली होती. मास्तरला तिथल्या शाळेत काम मिळत होतं. तुला नाताळ झाल्यावर सांगू, असं त्याचं म्हणणं होतं आणि मी त्याला दुजोरा दिला होता. म्हणजे जिचे हात आत आहेत तिला न विचारता आम्ही यंत्र सुरू करायला निघालो होतो, आणि ते मला शिकवायला भुंग्याच्या दप्तराचं कुलूप लागलं. सुट्टी संपल्यावर मी साहेबांना नाही म्हणून कळवलं. यात त्याग वगैरे काही नाही, तो शब्द मला पेलत नाही. जागा दुसऱ्याला गेली. दोन दिवस वाईट वाटलं, मग सकाळची बस पकडली. मास्तरने खोकी मुलांना दिली. त्यांनी त्यांची बस केली आहे आणि तिच्यावर कुठला नंबर आहे ते सांगायला नको. पाकिटात एक कुलूप आणि त्याची किल्ली ठेवली आहे. किल्ली एकच आहे, हरवू नकोस, दुसरी माझ्याकडे नाही. कडीत कडी अडकवली की जागा वाढते, त्यामुळे पुढच्या नाताळला आत्यालाही गप्प बसावं लागणार नाही. तू मात्र ड्युटी लवकर संपेल अशी पाळी आतापासूनच मागून ठेव. तुझं कुलूप निघाल्याशिवाय आमचे दिवे लागायचे नाहीत. आणि भुंग्याला मी खिडकीशीच बसवते, रोज सकाळी, शाळेला जाताना. परवा तुझीच गाडी होती. तो तुझ्या आरशात बघून हात हलवत होता, आणि त्याच्या मागे मीही.

तुझीच,
इंजिन