थोरल्यासाठी सोडलेलं पाणी

ता. ९, रविवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे ठीक. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस आणि वहिनीचा फोन आला की आम्ही दोघी हवापाण्यावर बोलून ठेवून देतो.

रोपवाटिका बरी चाललीय. गुलाबाच्या कलमांना यंदा कीड कमी. फाटकाच्या बिजागऱ्या शेवटी मी स्वतःच बसवल्या, त्यामुळे फाटक आता छान उघडतं, पण बंद व्हायला तयार नसतं. हसू नकोस. बाबा मजेत आहेत. जेवणखाण व्यवस्थित आहे.

खरं म्हणजे लिहायचं कारण मागचं डबकं. नाक मुरडू नकोस, वाच. तू ज्यात भराव टाकून हिरव्या जाळीचा मांडव उभारणार होतास आणि ज्यावरून बाबा तुला ‘मी जिवंत असेपर्यंत नाही’ म्हणाले, तेच. ‘मग त्या चिखलातल्या फुलांनाच मुलगा म्हणा’ असं सुनावून तू निघालास, तो पुन्हा आला नाहीस.

तर यंदा त्या डबक्यात बारक्या उमलेचनात. त्या फुलांचं खरं नाव बाबांनी कितीदा सांगितलं, आपण मात्र बारक्याच म्हणत आलो. दरवर्षी कसं व्हायचं आठवतं ना? पावसात डबकं भरलं की पाण्याखाली गवतासारखी पाती फुटायची. पाऊस थांबून पाणी ओसरायला लागलं की काठाकडून फुलं धरायची, आणि पाणी जसं आत सरकेल तसं फुलांचं कडं आत सरकायचं. शेवटी मधोमध मूठभर उरायची, मग नुसत्या भेगा. त्या भेगांत बी पडून राहायचं. लहानपणी आपण दया येऊन झारीभर पाणी घालायला गेलो तर बाबा ओरडायचे, ‘ठेव ती झारी! पाणी हटल्याशिवाय ती फूल धरत नाही.’

यंदा आजूबाजूचं रान वाळलं तरी डबकं काठोकाठ. वर शेवाळ, कडेला लव्हाळा, डासांचं तर विचारूच नकोस. मला वाटलं, जमिनीखालचा पाइप फुटला असणार. प्लंबर आला, त्याने अर्धं अंगण उकरलं, काही सापडलं नाही. मग एका सकाळी कुंड्या भरताना माझं लक्ष गेलं. बाबा पाइप ओढत मागे आले, त्याचं तोंड डबक्यात सोडलं, निसटू नये म्हणून वर दगड ठेवला आणि काठावर उकिडवे बसले.

‘बाबा, अहो, हे काय करताय?’

‘थोरला यायचाय माझा,’ ते म्हणाले. ‘तो येईपर्यंत वाळून जायला नकोत. एकदा बघितली ना, की जाईल राग त्याचा.’

दादा, ज्या माणसाने जन्मात आपल्याला एक झारी ओतू दिली नाही, तो रोज तिथे पाइप सोडत होता. आणि तुझ्यासाठी सोडत होता. मला रडू आवरेना. कुंड्यांकडे तोंड करून रडून घेतलं.

‘बाबा मजेत आहेत’ असं वर लिहिलंय ते खोडत नाही, कारण ते खरंच मजेत असतात. मजेत नाही ती मी. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. आधी रोपांची नावं गेली. मग चष्मा फ्रीजमध्ये सापडायला लागला, तेव्हा आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर एकदा चहा दिला तर म्हणाले, ‘ठेवा तिथे. फार करता हो तुम्ही आमच्यासाठी.’ बाबांनी मला ‘तुम्ही’ म्हटलं. मी आत जाऊन धुतलेलीच कपबशी पुन्हा विसळत बसले.

तुझं मात्र सगळं लक्षात आहे. तुझी चाल, तुझा हट्ट, तुझं दार आपटणं. अजून तरी आहे.

त्या सकाळी मी नळ बंद करायला गेले तर माझा हात धरून अंगावर आले, ‘बाई, तुम्हाला यातलं काही कळत नाही!’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तुमच्या थोरल्यानेच सांगितलंय. पाणी बंद करा म्हणाला, फुलं धरली की बघायला येतो.’

बाबांनी माझा हात सोडला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने नळ घट्ट पिळला.

‘त्याच्या लक्षात आहे म्हणजे,’ म्हणाले.

आता पाणी वीतभर खाली गेलंय. आज सकाळी फाटकाकडच्या काठाला चार फुलं दिसली, नखाएवढी, पांढरी, मध्ये पिवळी. बाबांनी चहा घ्यायच्या आधी खुर्ची फाटकाकडे तोंड करून टाकली. अजून तिथेच बसलेत.

मी तुझ्या नावावर खोटं बोलले. रागव, पण इथे येऊन रागव. मधल्या चिखलापर्यंत फुलं पोचली की यंदाचं संपलं. ती पुढच्या वर्षीही येतील रे. पण तेव्हा बाबा तुला ओळखतील, असं डॉक्टर सांगत नाहीत आणि मलाही वाटत नाही. भरावाचं काय ते आपण दोघं नंतर भांडू, मी भांडायला कमी पडणार नाही. फाटक काही बंद होत नाही, तेव्हा कधीही पोच.

वाट बघत,
तुझी धाकटी

ता. क. आलास की मी कोण, तेही त्यांना सांग. तुझं ऐकतात.