उद्या मी बोलेन

फेल्डहोवन, १४ जून २०२५

सुदर्शन भावोजी,

आज आपण सगळे भारताच्या महिला हॉकी संघाचा सामना पाहायला अ‍ॅमस्टरडॅमला गेलो. ऊन छान होतं. आपण हरलो.

आपल्या संघातल्या उईकेचा पेनल्टी स्ट्रोक हुकला आणि आपल्याच लोकांनी तिची हुर्यो उडवली. तुम्ही उभे राहून ओरडलात, "आदिवासी कोटा! जंगलात पाठवा हिला!" मग हसत माझ्याकडे वळलात. "वहिनी, तुम्हीही ओरडा की!"

मी म्हटलं, "भावोजी, उईकेसारखेच आम्हीही गोंड आहोत."

"माहीत आहे हो, भानूने कॉलेजातच सांगितलं होतं. पण तुम्ही तसे नाही."

माहीत असून ओरडलात. गेल्या वर्षी ह्यांच्या, तुमच्या भानूच्या, शवपेटीला तुम्ही खांदा दिलात, म्हणून उद्या ह्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला तुम्हीच बोलावं असं मी ठरवलं होतं. आता बोलण्यासाठी तुमचं नाव पुकारणार नाही. चार माणसांत मी कधी बोललेले नाही, तरी उद्या मी बोलेन.

हे पत्र पाठवत नाही. तुम्ही या आणि समोर बसून ऐका.

आम्ही गोंड भेटल्यावर 'जय सेवा' म्हणतो. इथल्या नऊ वर्षांत आम्ही दोघांनी ते घराबाहेर कधी उच्चारलं नाही. भाषणाची सुरुवात त्यानेच करायची आहे. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हणून बघते आहे.

शलाका भानुदास मडावी