आईच्या खोलीसाठी अकरा पानी अर्ज

६ जानेवारी, सोमवार
वनखात्याच्या ऑफिसात अर्ज दिला. गावच्या घराला मागून एक खोली, आत संडास-बाथरूम. आईचे गुडघे गेलेत. कोल्हापुरात राजारामपुरीतला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षांत ती नऊ वेळा खाली उतरली. तिला गावी राहायचंय, पण तिथला संडास अंगणापलीकडे, बारा पायऱ्या खाली. घर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपासून आठशे मीटरवर, म्हणून कमिटीची परवानगी लागते. पाडव्याला गृहप्रवेश, असं आईला सांगून टाकलं.

अर्ज अकरा पानी. टेबलावरच्या शिवानी मॅडम म्हणाल्या, दोन पानं पुरतात सर, बाकीची घरी न्या. कागद कमी करण्यात यांना काय रस? अकराही दिली. पोच घेतली.

यंदाचा संकल्प: पुराव्याशिवाय कुणावर संशय घ्यायचा नाही.

९ जानेवारी
त्याच ऑफिसात गावचा शेजारी जयसिंग. गोठ्याच्या जागी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढतोय. हातात दोनच पानं, तीही मोठ्या अक्षरात. ‘सर, तुमचं काय काम काढलंय हितं?’ मी म्हटलं, काही नाही, सहज. खोटं बोललो, इथे नोंदवून ठेवतो. पण तो हसला का?

२३ जानेवारी
वनरक्षक पाहणीला. आधी जयसिंगकडे गेले. तिथे चहा, वर भाकरी-झुणका. अर्जदाराने चहा देणं म्हणजे प्रभाव टाकणं, म्हणून मी दिला नाही. पाण्याचाही विचार केला. नियमांत पाण्याचा उल्लेख सापडला नाही, तेव्हा दिलं. तेही त्यांनी दुसऱ्यांदा मागितल्यावर.

आईला फोनवर हे सांगितलं. माझं वाक्य संपायच्या आत फोन कट झाला. नेटवर्क असावं.

२ फेब्रुवारी, रविवार
परसात गव्यांच्या खुरांचे ठसे. लपवणं अप्रामाणिक. शिवाय जयसिंगने पाहिलेच असणार आणि तो कळवणारच. त्याच्या आधी आपण. शेजारी फूटपट्टी ठेवून चौदा फोटो काढले.

संध्याकाळी आईला दाखवले. म्हणाली, ‘अरे, मी लगीन होऊन आले तेव्हापासनं येत्यात ते. ऊस खात्यात, जात्यात. तू कशाला त्यांचं नाव सरकारात घालतोस?’ तिची भावना समजू शकतो.

४ फेब्रुवारी
पुरवणी पत्र क्र. १, फोटोंसह. शिवानी मॅडमनी कपाळाला हात लावला. ‘सर, हे मागितलंय कुणी?’ नेमका हाच मुद्दा. का नाही मागितलं?

२१ मार्च
कमिटी बसली. तीन महिन्यांतून एकदा बसते. माझी फाइल वर गेलीच नाही. कारण: नवीन कागद आल्याने फेरतपासणी. जयसिंगचं मंजूर. दोन पानांत!

माझ्याविरुद्ध आक्षेप कुणाचे, म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला. सोबत पुरवणी पत्र क्र. २ आणि ३.

३० मार्च, पाडवा
गुढी फ्लॅटच्या खिडकीतच. आईने खोलीबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. विचारत नाही, म्हणजे तिला कुणीतरी काहीतरी सांगितलंय.

१७ एप्रिल
माहिती अधिकाराचं उत्तर आलं: ‘आक्षेप: निरंक.’ इतकं स्वच्छ? म्हणजे कुणीतरी काढून टाकलेत. मैथिली म्हणाली, अहो, कुणी घेतलाच नसेल तर? लग्नाला अठरा वर्षं झाली, अजून भाबडीच आहे.

मी संशयी आहे का, हे दुपारी अर्धा तास प्रामाणिकपणे तपासलं. नाही. सावध आहे.

५ मे
जयसिंगचा फोन. ‘सर, सायबास्नी म्या सांगितलंय, काकीचं काम आदी करा, म्हातारं मानूस हाय. ते करतो म्हणाल्यात की. फकस्त तुमची पत्रं तेवढी बंद करा बगा.’

माझ्या पत्रांची याला एवढी अडचण का व्हावी? पत्र क्र. ४ आजच पाठवलं: एक त्रयस्थ व्यक्ती माझ्या प्रकरणी रदबदली करत असून त्याची नोंद घ्यावी.

२० जून
निकाल. नामंजूर. ‘अर्जदाराने स्वतः सादर केलेल्या छायाचित्रांवरून सदर जागा गव्यांच्या नियमित वावराची असल्याचे स्पष्ट होते. अर्जदाराच्या सहकार्याबद्दल आभार.’

पुराव्याचा दर्जा मान्य झाला, एवढं तरी.

आईला सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली. पाडव्यापासून भरून ठेवलेली पिशवी तिने उघडली आणि लुगडी एकेक करून परत कपाटात लावली. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, राहू दे.

अपील करायचं. किमान वीस पानं.

२५ ऑक्टोबर, शनिवार
आई चार दिवसांपासून गावी आहे. जयसिंगच्या खोली नंबर एकमध्ये. मी कॉलेजात तासावर असताना तो गाडी घेऊन आला आणि तिला उचलून खाली घेऊन गेला. नेमका मी नसतानाच का आला?

आज भेटायला गेलो. परवानगीच्या अटीप्रमाणे येणाऱ्या प्रत्येकाची रजिस्टरमध्ये नोंद. जयसिंग म्हणाला, ‘या पावणं, आदी सही.’ येण्याचं कारण: पर्यटन, अभ्यास, इतर. आईला भेटणं यांतल्या कशात बसतं? बराच विचार केला. मागे पुण्याचं एक कुटुंब बॅगा घेऊन ताटकळलं होतं. ‘इतर’वर खूण केली.

आई कट्ट्यावर पाय सोडून बसलेली. कुणाचा हात न धरता उठली, आत जाऊन आली. संडासाच्या भिंतीला धरायला दांडी बसवलीय. दांडीचा उल्लेख मंजूर नकाशात आहे का, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही.

रात्री मुक्काम करू का, विचारलं. अटीनुसार एका खोलीत दोघांना राहता येतं, हे वाचून आलो होतो. आई म्हणाली, ‘नको रे. तू जा. हितं मला झोप लागती.’

रजिस्टरमध्ये आल्याची वेळ ३.३५. गेल्याची ४.१०.