परतलेली नाव

अलेक्झांड्रिया,
३ मार्च १९९७

चि. झरीफा हिस,
अ. उ. आ.

तू पाठवलेली तुरशी लोणच्याची बरणी न फुटता पोचली. मीठ जास्त झालंय, पण संपवली.

आपल्या दोघांवर माहितीपट काढणारी इंजी दोन दिवस इथे ठाण मांडून होती. भाऊ दिग्दर्शक आणि बहीण संकलक अशी जोडी साऱ्या इजिप्तमध्ये दुसरी झाली नाही, असं ती म्हणाली. मी कशाला नाही म्हणू? नवा कोट घालून बसलो. शेवटी तिने तो प्रश्न विचारलाच. आपल्या पहिल्या चित्रपटात समीरा घर सोडून निघते आणि अखेरीस तिची नाव घराकडे परतते, ते कोणाला सुचलं? चाळीस वर्षं सांगतोय तेच सांगितलं, मला.

आता ती तुझ्याकडे येईल. हात जोडतो, तोंड आवर. फिल्म ओठाला लावायची, चिकटली ती चित्राची बाजू, ही तुम्हा लोकांची परीक्षा. त्या दिवशी तुला सर्दी, ओठ सुकलेले. तू तुकडा पालथा जोडलास आणि उजवीकडे निघालेली नाव डावीकडे, थेट घराकडे वळली! घाईत मी तो भाग आधी पाहिलाही नव्हता. पहिल्या खेळाला पडद्यावर ते पाहून मी खुर्चीतून उठलोच. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुला बोलणी बसू नयेत म्हणून मी ते माझ्या नावावर घेतलं. तू खरं सांगितलंस तर म्हातारपणी मी जगापुढे खोटारडा ठरेन. त्या एका दृश्यावरच लोक मला ओळखतात गं.

बहिणीची माया असू दे.
तुझा दादा,
लबीब


शुब्रा, कैरो,
११ मार्च १९९७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझी एक सर्दी तू चाळीस वर्षं पुरवलीस, धन्य आहेस. इंजी येऊन गेली. तुझी मुलाखत तिने दाखवली. कोट छान आहे, पण बटणं वरखाली लावली आहेस.

दादा, मला सर्दी नव्हती.

आठव, तू तेव्हा कायमचा बैरुतला निघाला होतास. तिकीटही काढलं होतंस. आई रोज संध्याकाळी तुझे सदरे घडी करून पेटीत ठेवायची आणि पुन्हा बाहेर काढायची. मला ते बघवेना. वाटलं, निदान समीरा तरी परत येऊ दे. तुकडा मी दोन्ही बाजूंनी ओठाला लावून पाहिला आणि कळूनसवरून पालथा जोडला. तुला विचारलं असतं तर डोक्यात राख घालून घेतली असतीस.

मग तू उभा राहून ती कल्पना आपली म्हणालास, तुझं नाव झालं, इथेच कामं मिळाली आणि बैरुत मागे पडलं. तू राहिलास म्हणून मी गप्प बसले. वाईट वाटलं नाही असं नाही हं. रेडिओवर तुझी मुलाखत लागली की त्या बिचाऱ्या रेडिओला मी एक चापट मारायची.

इंजीला मी काही सांगितलेलं नाही. काय ते तू ठरव. रागाव खुशाल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी,
झरीफा


अलेक्झांड्रिया,
२० मार्च १९९७

चि. झरीफा हिस,
आशीर्वाद द्यायला आज जरा लाजच वाटते.

आधी संतापलो. मग पटेना. इंजीकडे तुझ्या हातच्या जोडकामाची मूळ प्रत आहे, तिला तो तुकडा घेऊन यायला सांगितलं आणि खिडकीत धरला. कडेला लिपस्टिकचा पुसट डाग दिसला. उलटा केला, तर त्या बाजूलाही होता. मला रडू आवरेना. इंजी घाबरली, पाणी आणायला धावली. मी तिला म्हटलं की पाणी राहू दे, कॅमेरा लाव. आणि सगळं सांगून टाकलं. कोट घालायचा राहूनच गेला.

इतकी वर्षं मी तुला सांभाळून घेतलं या तोऱ्यात होतो. सांभाळत तू होतीस, मला आणि आईलाही.

रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघतोय. या खेपेला मला कोणी वळवलेलं नाही, माझा मीच येतोय. लोणच्यात मीठ बेताने घाल.

तुझाच,
दादा