जज्ज नेला त्याची हकिगत

मोंटाना, २ जून १८८९

तीर्थरूप थर्झाताईस धाकट्या ऑरिनचा (वय वर्षे त्रेपन्न) टोपी काढून नमस्कार.

तुझी कंबर, भावोजींचे गुडघे आणि तिकडचा मका, तिन्ही ताठ उभी असोत. माझी प्रकृती उत्तम आहे (पायाचे फोड सोडून, ते कसे आले हे सांगायलाच पत्र लिहितोय).

ताई, इथे मालक प्रत्येक गड्याला नऊ-दहा घोडे नेमून देतो. घोडे मालकाचे, पण एकदा दिले की खुद्द मालकही विचारल्याशिवाय त्यांच्यावर बसत नाही. ज्या दिवशी तो न विचारता त्यातला एक नेईल, त्या दिवशी गड्याने ओळखायचं, आपलं इथलं अन्नपाणी संपलं. मालक तोंडाने काही बोलत नाही आणि गडी कारण विचारत नाही (विचारणाऱ्याला इथे फार हलका समजतात). अंथरूण गुंडाळायचं आणि चालू लागायचं.

गेल्या मंगळवारी सकाळी माझा जज्ज कुंपणात नव्हता. (हा माझा सगळ्यात म्हातारा घोडा. काहीही करायला सांगितलं की आधी बराच वेळ विचार करतो, म्हणून हे नाव.) मालक हॅस्केटसाहेब समोरून गेले, हवा छान आहे म्हणाले, आणि मी समजायचं ते समजलो. अकरा वर्षं यांची गुरं राखली, बर्फात कान गोठवून घेतले, आणि शेवटी हवा छान आहे! मी अंथरूण गुंडाळलं. आमचा आचारी लुंडक्विस्ट हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "सांभाळून जा रे ऑरिन. आता वय झालं." बाकीच्यांनी हात मिळवले. एकानेही काहीतरी चूक असेल असं म्हटलं नाही. ताई, घोडा गेल्याचं लागलं नाही एवढं मला हे लागलं. मी जाणार, हे सगळ्यांनी मनात कधीच धरून ठेवलं होतं.

खोगीर माझं स्वतःचं, घोडा मात्र एकही नाही. गावापर्यंत एक घेऊन जा, असं लुंडक्विस्ट म्हणाला, पण मी मानी (वडिलांकडून एवढंच आलंय, जमीन नाही). चाळीस पौंडांचं खोगीर खांद्यावर, अंथरूण काखेत, आणि पायात उंच टाचांचे बूट, जे रिकिबीत अडकवायला केलेले असतात, चालायला नव्हे. चार मैलांवर समोरून जज्ज आला, विचार करत करत. वर मालकांची नवी बायको, बॉस्टनची, हातात रानफुलं.

"अगंबाई, ऑरिन! खोगीर घेऊन पायी कुठं निघालात? घोडा कुठाय तुमचा?"

"तुम्ही बसलाय त्याच्यावर, बाईसाहेब."

तिला बिचारीला आमची रीत कुणी सांगितलीच नव्हती. गरीब दिसला म्हणून तिने जज्ज घेतला. मी सांगितल्यावर ती रडू लागली आणि खाली उतरली. शरमेपायी ती बसेना, मानापायी मी बसेना. शेवटी जज्जच्या पाठीवर दोन खोगिरं घालून आम्ही दोघं चार मैल चालत आलो. फाटकात हॅस्केटसाहेब ती वरात बघत उभे. "अरे वेड्या," ते म्हणाले, "तुला काढायचं असतं तर तुझा एखादा बरा घोडा नेला नसता का? जज्जला कोण नेतंय?" (हे माझं सांत्वन होतं.) शेगडीजवळची माझी झोपायची जागा तोवर दुसऱ्याला दिलेली होती, ती त्याने फार नाराजीने परत केली.

तर मी पुन्हा कामावर आहे आणि सगळं पूर्वीसारखं आहे.

तुझा,
ऑरिन

ता. क. जज्ज मी बाईसाहेबांना देऊन टाकला. या वेळी तिने रीतसर विचारलं.

आणखी एक. सगळं पूर्वीसारखं आहे, हे वाक्य खोडून टाक. हल्ली मी सकाळी तोंड धुण्याआधी कुंपणापाशी जाऊन घोडे मोजतो.

शेवटचं, हे भावोजींना वाचून दाखवू नकोस. नाताळात तू स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायला ये असं लिहिलं होतंस आणि मी तुला बरंच ताठ्याचं उत्तर पाठवलं होतं. ती अजून रिकामी असली तर तिच्यात कांदे भरू नकोस. लगेच येतोय असं नाही. आणि मंगळवारी फाटकाबाहेर पडल्यावर मी डावीकडे, तुझ्याकडे येणाऱ्या रस्त्याला वळलो, ते फक्त तिकडे उतार होता म्हणून.